न मोजता आत न घेणारे तारमास्तर

मला सांभाळलं ते तारमास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीगत सांगायला लागले की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही आणि आभार मानायचे राहून जातात. दुसरं सांगायचं ते असं, की परभणीपासून परांड्यापर्यंत उभ्या मराठवाड्यात कुठलीही गोष्ट न मोजता आत न घेणारा असा दुसरा माणूस झाला नाही. कुठलीही म्हणजे अगदी कुठलीही. तार, पाहुणा, ज्वारीचं पीठ, शेजाऱ्याची शिवी, जे काही उंबऱ्यातून आत येणार त्याला मास्तर आधी विचारणार, "किती?" उत्तर मिळालं तरी त्यावर विसंबायचं नाही. स्वतः मोजायचं, जुळलं तर आत घ्यायचं, नाही जुळलं तर आल्या पावली परत.

मी तळकोकणातली. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं ते बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाशी. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळी वर्षांत बोअरच्या गाड्यांना मराठवाड्यात उसंत नव्हती. आमच्या ह्यांनी मला धाराशिवात आणून ठेवलं, तेव्हा एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असे, आणि स्वतः गाडीबरोबर आज भूम तर उद्या कळंब असे फिरत राहिले. राहायला मिळाली ती तारमास्तरांच्या अंगणातली खोली. खोली बघायला गेलो तेव्हा मास्तर दारात आडवे उभे. "माणसं किती?" मी म्हटलं, "दोन." त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं. "दोन म्हणतेस आणि एकच आलीयेस." मी घाबरून म्हटलं, "ते फाटकाशी चप्पल काढतायत." मास्तर पायरी उतरून फाटकापर्यंत गेले, ह्यांना नीट बघून आले आणि मग म्हणाले, "हां. दोन. या." आतून चाचींचा आवाज आला, "आदमी हैं जी, बोरियां नहीं!" या घरात आपला निभाव लागेल असं मला तेव्हाच वाटलं. का ते आजही सांगता येत नाही.

हा स्वभाव त्यांना नोकरीनं दिला होता. पंचवीस वर्षं तारखात्यात कडकट्टवर, म्हणजे तार पाठवायच्या यंत्रावर, बसलेला माणूस. तारेची रीत अशी, की पलीकडचा बाबू मजकुराच्या आधी शब्दांची संख्या पाठवतो. मग शब्द येतात. इकडच्यानं ते लिहून घ्यायचे, मोजायचे आणि संख्या जुळली तरच तार शिपायाच्या हातात द्यायची. एकदा म्हणे पुण्याला पोचलेल्या एका मुलाची 'सुखरूप पोचलो' अशी तार आली आणि तिच्या शेपटीला दुसऱ्याच कुणाच्या तारेतला 'वारले' हा शब्द चिकटून आला. सांगितलेले शब्द नऊ, आलेले दहा. मास्तरांनी तार अडवली, पलीकडच्याला पुन्हा पाठवायला लावली. तोवर त्या मुलाचा बाप खिडकीशी उभा राहून त्यांना शिव्या घालत होता. मास्तर सांगायचे, "त्याच्या शिव्या मी मोजल्या न्हाईत. तेवढंच एक बिनमोजणीचं घेतलं जिंदगीत."

पुढं पुढं ही सवय खात्याबाहेर पडली. पुतणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी शंभर माणसं कळवली होती. मास्तर मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि एकशे एकाव्या माणसाला त्यांनी हात आडवा घातला. तो नेमका नवऱ्या मुलाचा मामा निघाला. मामा तावातावानं म्हणाला, "ओळखता का मी कोण?" मास्तर म्हणाले, "हौ. एकशे एकावे." शेवटी चाचींनी मागच्या दारानं मामांना आत घेतलं आणि पुढं वर्षभर त्या घरात मामा हा शब्द कुणी काढला नाही. तेरला बहिणीकडं गेले की परतीच्या एसटीत बसणाऱ्यांची संख्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आहे म्हणून ते गाड्या सोडत राहायचे. उन्हात वाळून संध्याकाळी घरी आले की चाची विचारायच्या, "गाडी में जगा नहीं थी क्या जी?" आणि मास्तर पाणी पिता पिता म्हणायचे, "जगा होती. लोक म्हणतात ना, सरका जरा, ती जगा. पाटीवरची न्हवती."

अशा माणसाच्या नशिबात संगणक यावा यात नवल नाही. नोकरी लवकर सोडून ते सहा महिने हैदराबादेत भाच्याकडं राहिले. भाचा संगणकाच्या कंपनीत होता. तिथून येताना बायकोला बांगड्या आणि स्वतःला सी नावाच्या भाषेचं झेरॉक्स पुस्तक घेऊन आले. पन्नाशीच्या माणसानं अंगणात चटईवर बसून ते पुस्तक शाळेतल्या पोरासारखं पाठ केलं. त्याच सुमाराला आमच्या चारा-दूध सोसायटीच्या चेअरमनांनी पश्चिमेकडं कुठल्याशा कारखान्यात संगणक बघितला आणि आपल्याकडंही तो पाहिजे असं ठरवून टाकलं. आतल्या खोलीत एक मोठं मशीन आलं, बाहेर तीन टेबलांवर तीन लहान, आणि मधून तारा. दुष्काळात सोसायटी गुरांच्या छावण्या चालवायची, बेंबळीला, सोनारीला, तेरला. प्रत्येक छावणीत कुणाची किती जनावरं, कुणाला किती चारा, या सगळ्या फायली मोठ्या मशीनच्या पोटात. टेबलावरून आम्ही नाव टाकून फाईल मागायची, आतल्या मशीननं ती द्यायची, आम्ही भर घालून परत पाठवायची. हे देण्याघेण्याचं काम करणारा तयार प्रोग्रॅम सोसायटीला परवडेना. मास्तर म्हणाले, "मी लिहितो. हे तर तारखातंच हाय. फक्त हितला बाबू चहाला उठत न्हाई." आणि त्यांनी तो लिहिला. त्यांच्याच शब्दावर मला एका टेबलावर ठेवून घेतलं. सेक्रेटरींनी नाक मुरडलं, सातवी शिकलेली बाई, तीही परमुलखातली. मास्तर म्हणाले, "हिला इंग्रजी येत न्हाई, म्हणून ही अंदाजानं शब्द भरणार न्हाई. दिसतं तेच टाइप करील." अशी शिफारस माझी त्याआधी कुणी केली नव्हती, नंतरही नाही.

त्या नोकरीवर माझं सगळं होतं. ह्यांचा पंधरा-पंधरा दिवस पत्ता नसे. नोकरी गेली असती तर खोली सोडून सासऱ्यांच्या दारात परत जावं लागलं असतं, आणि तिथं माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. म्हणून मी खाली मान घालून, डोळे चुरचुरेपर्यंत गाई-म्हशी भरत बसायची. बाहेर ऊन असं की खिडकीची सळई धरवत नसे, वीज जाई-येई, आणि फायलींमधली जनावरं मात्र रोज वाढत. संध्याकाळी पाठ ताठ करायला गेलं की ती मोडलेल्या छत्रीसारखी थोडीशीच उघडायची.

अशात सेक्रेटरींनी एक हुकूम काढला. फायलींना नुसतं 'बेंबळी', 'सोनारी' असं नाव देणं बरं दिसत नाही. छावणीप्रमुखाचं नाव घालायचं आणि तेही मानानं. आमच्याकडं मोठ्या माणसाचं नाव उघडंबोडकं लिहायची पद्धत नाहीच. मागं-पुढं चार शब्द घातल्याशिवाय हात धजत नाही. मी तेरच्या फायलीला इंग्रजी अक्षरांत 'आदरणीय' लावून मोठं नाव दिलं, तेव्हा पडद्यावर शेजारच्या फायलीच्या नावापुढं दोन भलतीच अक्षरं उगवली. मी बघितली आणि गप्प बसले. सांगितलं तर म्हणतील, बाईनं काहीतरी दाबलं. दोन अक्षरांनी कुणाचं काय बिघडतंय, असं मनाला समजावलं. दहा-बारा दिवसांनी सोनारीच्या फायलीची पाळी आली. तिथले प्रमुख चेअरमनांचे जावई. त्यांच्या नावाला मी हुकमापेक्षा जास्तच, 'जी' आणि 'साहेब' दोन्ही लावले. भीतीपोटी लावले. जावयाला कमी पडलं असं कुणी म्हणायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेंबळीचा एक म्हातारा शेतकरी हाफिसात आला. एकटा नाही, गाय घेऊन. गाय पायऱ्या चढून थेट माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि तिनं मशीनची तार हुंगली. सेक्रेटरी ओरडत धावले, "ओ आजोबा, जनावर आत आणायचं नाही!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "जनावर? छावनीवाला म्हनतो, यादीत ही गाय न्हाय, म्हनून चारा न्हाय. दोन दिस झालं. कागदात नसल्यालं जनावर तुमाला दिसतंय व्हय?"

मी बेंबळीची फाईल मागवली. तिच्यात सोनारीची जनावरं बसली होती. बेंबळीची गुरं पुसली गेली होती. सबंध छावणी. म्हातारा पडद्याकडं बघून मला म्हणाला, "बाई, ह्यात घुसवा की हिला. लई जागा घेत न्हाय ती. वाळलीय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते गाईसाठी आलं की माझ्यासाठी, हे मी विचारायचं टाळते.

बेंबळीचा चारा जुनी कागदी वही बघून त्याच दुपारी सुरू झाला, तेवढं बरं झालं. पण सेक्रेटरींनी जाहीर केलं, "बाईनं सोनारीची जनावरं बेंबळीत भरली. सोमवारी कमिटी बसेल, तोवर टेबलाला हात लावायचा नाही." मी घरी आले आणि ट्रंक भरायला घेतली. चाची दारात आल्या, ट्रंकेतली लुगडी एकेक करून परत दोरीवर टाकू लागल्या. म्हणाल्या, "अगोदर जेव. जानेवाले लोगां भी खाके जाते."

मास्तर संध्याकाळी अंगणात बसले आणि मला समोर बसवलं. "काय काय दाबलंस, क्रमानं सांग. एक अक्षर वगळू नकोस." मी सांगितलं. आणि सांगता सांगता ती दोन उगवलेली अक्षरंही सांगितली, जी मी पंधरा दिवस गिळून बसले होते. मला वाटलं, आता मास्तरही पाठ फिरवतील. मांडीवर त्यांची बोटं वाजत होती, कडकट्टची सवय. मग म्हणाले, "नावाला म्या वीस अक्षरांची जागा ठेवली. किती येतायत ते मोजलंच न्हाई. जादा झाली ती शेजारच्या जागेत घुसली. आणि शेजारी काय ठेवलं होतं, तर कुठल्या फायलीत लिहायचं ते."

मी शहाणपणा करायला गेले. "म्हणजे घागर भरली की पाणी सांडतं तसं का?"

"पाण्याची मिसाल देऊ नकोस," ते एकदम चिडले. "पाणी सांडलं तर दिसतं. घरातली बाई ओरडती. हे सांडतं आणि कुणीबी ओरडत न्हाई." मग आवाज खाली आला. "पंचवीस साल परक्याचा एक शब्द न मोजता घेतला न्हाई. हितं मोजलं न्हाई. का? तर टेबलावर बसणारी आपलीच माणसं. आपला माणूस जागेपरमाणंच पाठवील, असा भरोसा. आपल्या माणसाच्या मानाला किती जागा लागती, ते म्या इसरलो."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी सबंध प्रोग्रॅम कागदावर काढून आणला. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद अंगणभर पसरला, वारा येई म्हणून त्यावर चाचींचा पाटा, वरवंटा, मिठाची बरणी आणि मास्तरांच्या वहाणा ठेवल्या. मी ओळ वाचायची, म्हणजे अक्षरं उच्चारायची, अर्थ मला काहीच कळत नसे. जिथं बाहेरून काही आत येतं तिथं मास्तर थांबवायचे. "जागा किती? येणार किती? कोण मोजतं?" तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसलं की लाल पेन्सिलीची खूण. टेबलावरच्या मशीननं सांगितलेली लांबी न मोजता खरी धरली असली तरी खूण. "सांगणारा खरंच बोलतो, हे कुणी सांगितलं?" उन्हं अंगणाच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. माझा घसा बसला, मास्तरांचे डोळे सुजले, चाची तीनदा म्हणाल्या, "बस करो जी, कागज भी थक गया." पण कागद संपेपर्यंत मास्तर उठले नाहीत. खुणा बऱ्याच निघाल्या. प्रत्येक खुणेवर त्यांचा चेहरा जरा जास्त म्हातारा होत गेला.

सोमवारी कमिटी बसली. सेक्रेटरींनी सुरुवात केली, "सातवी शिकलेल्या बाईच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं." मास्तर उभे राहिले. चेअरमनांना त्यांचा स्वभाव माहीत होता. हसून म्हणाले, "मास्तर, किती बोलणार?"

"सात शब्द," मास्तर म्हणाले. मग ते बोलले. "चूक माझी आहे. बाईंनी बरोबर टाइप केलं."

एका मेंबरांनी बोटांवर मोजले. सातच होते. चेअरमन म्हणाले, "मास्तर, विचार करा. बाईला काढली तर विषय इथंच मिटतो. तुमचं नाव कशाला?" मास्तर म्हणाले, "विषय मिटंल. भोक ऱ्हाईल." मी कोपऱ्यात उभी होते. त्या दोन अक्षरांची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. मास्तरांनी माझ्याकडं एकदाच बघितलं, डोळ्यांनीच नको म्हटलं, आणि मी, देवाची शपथ, सुटल्यासारखी ती गिळून टाकली.

त्यानंतर मास्तरांच्या मशीनचं वागणं बदललं. नाव लांब झालं की ते सरळ सांगायचं, 'नाव लांब आहे, घेतलं नाही.' पहिल्याच दिवशी त्यानं जावईसाहेबांना परत पाठवलं. सेक्रेटरी लालबुंद. "मशीन साहेबांना नाही म्हणतं?"

"साहेब मोठे हायत, जागा लहान हाय," मास्तर म्हणाले.

"मग उरलेलं गुपचूप कापून घ्यावं मशीननं. कुणाला कळतंय?"

"कापतो. पण सगळ्या छावण्या 'आदरणीय श्री' पासून सुरू होतात. वीस अक्षरांत आदर तेवढा मावतो, माणूस बाहेर ऱ्हातो. मग सगळ्या छावण्यांची फाईल एकच. गाई घेऊन लोक आले की बसायला जागा करा."

दुसऱ्या दिवसापासून फायली पुन्हा 'बेंबळी', 'सोनारी', 'तेर' झाल्या. बेंबळीचा म्हातारा पुढं एकदा बाजाराच्या दिवशी आला, गाय घरी ठेवून. मला म्हणाला, "बाई, आता हाय न्हवं ती तुमच्यात?" मी म्हटलं, "आहे आजोबा, पहिल्याच पानावर." ते खरं होतं. मीच तिला वर ठेवलं होतं.

माझी नोकरी राहिली. मास्तरांची गेली. कुणी काढलं नाही, हंगाम संपल्यावर परत बोलावलं नाही एवढंच. पावसाळा बरा झाला, छावण्या उठल्या, आणि पुढच्या वर्षी शहरातल्या कुठल्या कंपनीचा प्रोग्रॅम आला. लातूरकडच्या एका संस्थेनं मास्तरांना कामाला बोलावलं होतं, तिनंही मागून पत्र लिहून 'येऊ नका' कळवलं. आमच्या सोसायटीच्या प्रोसिडिंगात, सभेच्या नोंदवहीत, लिहिलं होतं ना, 'तारमास्तर यांच्या हयगयीमुळे बेंबळी छावणीची नोंद नष्ट झाली.' त्या ओळीखाली सह्या आहेत. ती ओळ मी स्वतः वाचली आहे. ती टाइप करायला माझ्याकडंच आली होती, आणि दिसतं तेच टाइप करणारी बाई म्हणून मी ती जशीच्या तशी टाइप केली.

दोन वर्षांनी ह्यांची गाडी कर्नाटकात गेली, मी पाठोपाठ. आज मी धाराशिवापासून फार लांब राहते. मास्तर आता तेरला बहिणीच्या मुलांकडं असतात, थकलेत, उन्हात खाट टाकून बसतात असं तिकडून आलेली माणसं सांगतात. चाची गेल्या. त्या गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. कमिटीतले काही जण अजून आहेत, सेक्रेटरीही आहेत म्हणतात. माझ्या पोटात त्या दोन अक्षरांची गोष्ट अजून तशीच आहे, आणि आता वयामुळं ती जड वाटते.

मास्तर, मी येणार आहे. या वर्षी जमलं तर या वर्षी, गुडघ्यांनी ऐकलं नाही तर पुढच्या. सोसायटीचं ते प्रोसिडिंगाचं बुक काढायला लावीन, उरलेल्या चार माणसांना बसवीन आणि त्या दिवशी जे गिळलं ते त्यांच्यासमोर बोलीन, की बाईला पंधरा दिवस आधी दिसलं होतं आणि बाई गप्प बसली. तुमच्या नावाच्या ओळीखाली माझ्या नावाची ओळ लिहायला लावल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. तेवढ्यानं तुमचं काही फिटत नाही हे मला कळतं. पण फेडायला सुरुवात कुठून करायची, ते आता ठरलं आहे.